‘ओरिजिनल’ की ‘लोकल’? जुन्या गाडीच्या ब्रेकचा हिशेब



माझ्यासमोर या टेबलावर दोन ब्रेक पॅड आहेत. जे नुसतं ऐकतायत त्यांच्यासाठी सांगते: तळहाताएवढी लोखंडी पट्टी आणि तिच्यावर चिकटवलेला काळपट थर, एवढंच असतं ते. दोन्ही एकाच गाडीचे, एकाच मापाचे. पहिल्याचा थर सपाट आहे, पाठीवर बनवणाऱ्याचं नाव आहे, बॅच नंबर आहे, काही अक्षरं आहेत. दुसऱ्याचा वरचा भाग काचेसारखा चकाकतोय, एका कोपऱ्यातला थर उडून गेलाय आणि त्याच्यावर कुठेही काहीही लिहिलेलं नाही.

हा दुसरा पॅड मी ‘ओरिजिनल’ म्हणून घेतला होता. हट्टानं, ‘मला लोकल नको’ असं दोनदा बजावून.

मी बंगळूरला राहते. मेकॅनिक नाही, इंजिनिअरही नाही. पेशानं इंटर्नल ऑडिटर आहे. माल कुठून आला, बिल कुठे आहे, सही कुणाची, हे दुसऱ्यांना विचारणं हेच माझं रोजचं काम. आणि माझ्याच गाडीच्या ब्रेकचं बिल मी घेतलं नव्हतं! तेव्हा आजचं बोलणं म्हणजे एका ऑडिटरनं स्वतःच्या कामावर मारलेला शेरा समजा.

तुमच्यापैकी कुणी इंदूरला असेल, कुणी बडोद्याला, कुणी हैदराबादला. घरात दहा-पंधरा वर्षांची गाडी असेल तर गॅरेजवाला एक दिवस तुम्हालाही विचारणारच: “मॅडम, कंपनीचं टाकू की बाजारातलं?” त्या वेळी काय उत्तर द्यायचं, आणि त्याआधी काय विचारायचं, ते आज बोलू.

आधी गाडीबद्दल. माझी गाडी म्हणजे बाबांची मारुती झेन, २००५ ची. बाबा हुबळीला रेल्वेत होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी ती हौसेनं घेतली. ते गेल्यानंतर गाडी माझ्याकडे आली. पंधरा वर्षं पूर्ण झाली तेव्हा घरात, ऑफिसात सगळे म्हणाले, काढून टाक आता. मी नोंदणी पुढच्या पाच वर्षांसाठी वाढवून घेतली. गाडी चांगली चालत होती, आणि खरं सांगायचं तर ती विकायला मन धजावत नव्हतं. गाडीच्या कप्प्यात बाबांची एक छोटी वही आहे. कुठल्या तारखेला काय बदललं, किती किलोमीटरला, कितीला, सगळं त्यांच्या अक्षरात. त्या वहीकडे आपण पुन्हा येऊ.

मे २०२२. लेकीची परीक्षा संपली होती आणि उटीला जायचं ठरलं. निघायच्या आठवडाभर आधी पुढच्या चाकातून ब्रेक दाबला की किरकिर आवाज यायला लागला. आमचे नेहमीचे मेकॅनिक, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, ते गावी गेले होते. म्हणून घराजवळच्या दुसऱ्या गॅरेजात गेले. पॅड संपलेत, म्हणाला. मी म्हटलं, ओरिजिनलच टाका. त्यानं तासाभरात आणून दाखवले. बॉक्स अगदी बरोबर. नाव, रंग, चकाकणारं स्टिकर, सगळं. किंमत मात्र शोरूमपेक्षा बरीच कमी. “ओळखीच्या दुकानातून आणलेत ना,” तो म्हणाला. मी खूश. अर्ध्या तासात पॅड बसले, मी पैसे दिले आणि घरी आले. शहरात चार दिवस चालवली. ब्रेक झकास लागत होते.

परतीच्या दिवशी उटीतून निघायला साडेपाच वाजले. ज्यांना तो रस्ता माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: उटीहून बंगळूरला यायचं तर पायकारा, नडुवट्टम करत गुडलूरला उतरायचं, मग मुदुमलाई, बंदीपूरचं जंगल, गुंडलुपेट आणि म्हैसूर. बंदीपूरचा रस्ता रात्री नऊ वाजता बंद होतो तो सकाळी सहापर्यंत. जनावरांसाठी हा नियम आहे आणि योग्यच आहे. पण डोक्यात घड्याळ घेऊन घाट उतरणं ही काही चांगली गोष्ट नाही. मी चालवत होते. शेजारी नवरा, मागे आई आणि लेक, डिकीत सामान. वेळ वाचवायचा म्हणून गाडी चौथ्या गिअरमध्ये ठेवून, वळण आलं की ब्रेक, वळण सरलं की सोड, असं चाललं होतं.

नडुवट्टमच्या पुढे आईनं विचारलं, “अगं, काहीतरी जळल्याचा वास येतोय का?” मला वाटलं पुढच्या लॉरीचा असेल. दोन वळणांनंतर मी ब्रेक दाबला आणि गाडी हळू झालीच नाही. पेडल दगडासारखं घट्ट होतं. पाय पूर्ण जोर लावत होता. गाडी आपली चाललेली. पुढचं वळण दिसत होतं आणि त्याच्यापलीकडे चहाच्या मळ्यांचा उतार.

मी तिसरा टाकला, मग दुसरा. इंजिन किंचाळलं, गाडी हिसका देऊन मंदावली. हँडब्रेक थोडा-थोडा ओढत, डोंगराच्या बाजूला जिथे जरा रुंदी होती तिथे घेतली आणि कशीबशी थांबवली. मागे आईनं लेकीला घट्ट धरलं होतं. मिनिटभर कुणीच काही बोललं नाही.

मागून एक पिकअप आली. ड्रायव्हर उतरला, वास घेऊन चाकांकडे बघितलं आणि सगळं ओळखलं. नवरा बाटलीतलं पाणी चाकावर ओतायला निघाला होता, त्याला त्यानं हात धरून थांबवलं. तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडलं तर ती वाकते किंवा तिला तडा जातो. मग तमिळमध्ये आणि बोटांनी त्यानं एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली: फर्स्ट गिअर, फर्स्ट गिअर. पाऊण तास थांबून आम्ही पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत गुडलूरला उतरलो आणि रात्री तिथेच राहिलो. दुसऱ्या दिवशी तिथल्या गॅरेजात निराळे पॅड टाकून, सावकाश बंगळूर गाठलं.

आता थोडा हिशेब. ब्रेक म्हणजे गाडीचा वेग उष्णतेत बदलणारं यंत्र. माणसं-सामान धरून माझी गाडी साधारण हजार किलो समजा. ती ताशी ८० किलोमीटरवरून पूर्ण थांबवली तर जवळजवळ अडीच लाख ज्यूल उष्णता तयार होते. एवढ्यात पाऊण लिटर पाणी उकळीला येईल. वेग दुप्पट केला तर उष्णता चौपट. आणि घाटात? उटी समुद्रसपाटीपासून २,२४० मीटरवर आहे. गुडलूर त्याच्यापेक्षा सुमारे अकराशे मीटर खाली. हजार किलो अकराशे मीटर खाली आणायचे म्हणजे एक कोटी ज्यूलहून जास्त. म्हणजे ८० वरून चाळीसहून जास्त वेळा थांबवण्याइतकं काम. त्यातला काही वाटा हवा घेते, टायर घेतात, आणि गिअर लहान ठेवला तर मोठा वाटा इंजिन घेतं. मी चौथ्यात उतरत होते, म्हणजे इंजिनाचा वाटाही पॅडवर टाकला होता. ती चूक माझी. पण चांगल्या पॅडनं त्या चुकीची शिक्षा एवढी दिली नसती.

कारण पॅडचा तो काळा थर साधा नसतो. त्यात तंतू असतात, धातूची भुकटी, ग्राफाइट, खरडणारे कण, अशी डझनभर किंवा त्याहून जास्त द्रव्यं असतात. त्या सगळ्यांना धरून ठेवते ती राळ, म्हणजे रेझिन. तापमान तीनशे अंशांच्या पुढे जायला लागलं की राळ विघटित होते, वायू सुटतो, पॅड आणि डिस्क यांच्यामध्ये निसरडा थर तयार होतो. पेडल घट्ट, पण पकड नाही. चांगला उत्पादक हे ओळखून द्रव्यांचं प्रमाण ठरवतो, भट्टीत नीट भाजतो, तापवून तपासतो. नकली माल बनवणारा फक्त आकार आणि रंग जुळवतो. शहरात, गार असताना, दोन्ही सारखेच लागतात. फरक घाटात कळतो, आणि तिथे कळून उपयोग नसतो.

बंगळूरला परत आल्यावर अण्णांनी ते पॅड हातात घेतले, उलटेपालटे केले आणि विचारलं, “बिल?” एवढंच. मी गप्प.

मग त्यांनी मला जे समजावलं आणि त्यानंतर मी स्वतः जे.सी. रोडवर फिरून जे शिकले, ते सांगते. जे.सी. रोड म्हणजे बंगळूरचा गाड्यांच्या सामानाचा बाजार. दिल्लीकरांना काश्मिरी गेट म्हटलं की जे आठवतं, तेच.

पहिली गोष्ट: गाडी बनवणारी कंपनी ब्रेकचे भाग सहसा स्वतः बनवत नाही. ते बनवणारे वेगळे असतात. चेन्नईजवळच्या पाडीची ब्रेक्स इंडिया १९६२ पासून हेच काम करते. राणे ब्रेक लायनिंग १९६४ ची, सुंदरम ब्रेक लायनिंग्ज १९७४ ची. असे उत्पादक गाड्यांच्या कारखान्यांना माल देतात आणि स्वतःच्या नावाच्या बॉक्समध्ये खुल्या बाजारातही विकतात.

म्हणजे काउंटरवर खरं तर चार प्रकारचा माल असतो. एक, गाडीच्या कंपनीच्या बॉक्समधला. दोन, त्याच पुरवठादारानं स्वतःच्या बॉक्समध्ये विकलेला. तीन, दुसऱ्या नावाजलेल्या उत्पादकाचा, ज्यानं तुमच्या गाडीसाठी कारखान्याला कधी माल दिला नसेल, पण ज्याला आपलं नाव राखायचंय. आणि चार, निनावी किंवा नकली.

आता गंमत बघा. आपण ‘लोकल’ म्हणतो तेव्हा दोन, तीन आणि चार, तिघांना एकाच टोपलीत टाकतो. आणि ‘ओरिजिनल’ म्हणतो तेव्हा एक नंबर मागतो, पण हातात चार नंबर येऊ शकतो, कारण नकली माल बनवणारा निनावी बॉक्स कशाला छापेल? तो सगळ्यात जास्त मागणी असलेलाच बॉक्स छापणार. ‘ओरिजिनल द्या’ हा प्रश्न नव्हताच, ती फक्त मागणी होती. आणि मागणी पुरवणारे बाजारात बसलेलेच आहेत.

म्हणून मी आता तीन प्रश्न विचारते. कुणी बनवलं? कुठून आलं? कुणी, कशाबरोबर बसवलं?

कुणी बनवलं, हे बॉक्सवर नाही, भागावर बघायचं. पॅडच्या पाठीवर किंवा कडेला उत्पादकाचं नाव, पार्ट नंबर आणि बॅच असायला हवी. पुष्कळ पॅडवर दोन इंग्रजी अक्षरं जवळजवळ छापलेली असतात. पहिलं अक्षर साध्या तापमानाला घर्षण किती ते सांगतं, दुसरं तापल्यावर किती ते. ‘ई’ म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५, ‘जी’ म्हणजे ०.४५ ते ०.५५. दोन्ही ‘एफ’ असतील तर तापल्यावरही पॅड त्याच पट्ट्यात राहतो. पहिलं वरचं आणि दुसरं खालचं असेल तर तापल्यावर पकड उतरते. जास्त घर्षण म्हणजे जास्त चांगलं, असं मात्र नाही. गाडीचे पुढचे-मागचे ब्रेक एका प्रमाणात जुळवलेले असतात. मूळ पॅडवर जी अक्षरं होती, तीच शोधायची.

युरोपात बदली पॅडसाठी ‘आर ९०’ नावाचा नियम आहे. बदली पॅडची कामगिरी मूळ पॅडच्या पंधरा टक्के वर किंवा खाली, एवढ्यातच असली पाहिजे, असं तो सांगतो. म्हणजे मूळ पॅडपेक्षा फार जास्त पकड हीसुद्धा चूकच धरली जाते. आपल्याकडे ब्रेक लायनिंगसाठी आयएस २७४२ हे मानक आहे. बॉक्सवर अशा खुणा असतील तर उत्तम. पण खूण छापता येते, म्हणून दुसरा प्रश्न.

कुठून आलं? जीएसटी नंबर असलेलं पक्कं बिल, त्यावर पार्ट नंबर. अधिकृत विक्रेता किंवा उत्पादकाच्या वेबसाइटवर ज्याचं नाव आहे असा वितरक. बॉक्सवर क्यूआर कोड किंवा खरवडून बघायचा नंबर असेल तर काउंटरवरच तपासायचा, घरी आल्यावर नाही. आणि ओरिजिनल फार स्वस्तात मिळत असेल तर आनंद मानायच्या आधी थांबायचं. हे मी ऑफिसात रोज दुसऱ्यांना सांगते.

मग माझा निर्णय काय? सगळं कंपनीचं की सगळं बाजारातलं? दोन्ही नाही. भागाप्रमाणे वेगवेगळा.

पॅड आणि मागच्या ड्रमचे ब्रेक शू: इथे नावाजलेल्या उत्पादकाचा, त्याच्या स्वतःच्या बॉक्समधला माल मी निर्धास्त घेते. मात्र एक लक्षात ठेवा, त्याच उत्पादकाचा असला तरी बाजारातल्या पॅडचं मिश्रण कारखान्याला दिलेल्या पॅडसारखंच असेल असं नाही. थोडा आवाज जास्त, थोडी काळी धूळ जास्त, हे चालून जातं. जुन्याच शूवर कुणीतरी लायनर चिकटवून देतो म्हणाला, तर नको म्हणायचं. चिकटवलेलं सुटलं तर ड्रममध्ये अडकतं.

डिस्क: चांगल्या उत्पादकाची चालते. पण आधी जुनीचीच जाडी मोजून घ्या. किमान जाडी किती हवी ते बहुतेक डिस्कवर कोरलेलं असतं. लेथवर घासून गुळगुळीत करून देतो म्हणतात, तेव्हा घासल्यानंतर त्या आकड्याच्या वर राहते का, हे विचारायचं. आणि उजवी बदलली की डावीही बदलायची. पॅडचंही तसंच, नाहीतर ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढते.

मास्टर सिलिंडर, व्हील सिलिंडर, कॅलिपरचे रबरी सील, होज पाइप: इथे मी पैसे वाचवत नाही. पॅड वाईट निघाला तर वास येतो, आवाज येतो, काहीतरी सूचना मिळते. होज फुटला किंवा सील गेलं तर पेडल थेट खाली जातं. गाडीच्या ब्रेकचे दोन स्वतंत्र मार्ग असतात म्हणून अर्धा ब्रेक उरतो खरा, पण घाटात अर्ध्यावर कशाला भागवायचं? हे भाग कंपनीचे, किंवा मूळ ब्रेक यंत्रणा बनवणाऱ्याचे, बिलासकट.

आणि इथे जुन्या गाडीची एक खास अडचण. गाडीचं उत्पादन बंद झालं की काही वर्षांनी कंपनीच्या बॉक्समधले एकेक भाग मिळेनासे होतात. झेन २००६ मध्ये बंद झाली. कुठल्यातरी दुकानाच्या माळ्यावर खराखुरा, सीलबंद, कंपनीचा होज मिळतो आणि आपल्याला लॉटरी लागल्यासारखं वाटतं. थांबा. बनवल्याची तारीख बघा. पॅड बॉक्समध्ये वर्षानुवर्षं टिकतो. रबर टिकत नाही, ते पडून-पडून कडक होतं, तडकतं. दहा वर्षं जुन्या अस्सल होजपेक्षा नावाजलेल्या उत्पादकाचा या वर्षीचा होज चांगला.

आता राहिला तिसरा प्रश्न, आणि इथे मला सगळ्यात जास्त लाज वाटली.

अण्णांनी चाकं उघडली. कॅलिपरच्या पिना सुकून जाम झाल्या होत्या, त्यामुळे ब्रेक सोडला तरी पॅड डिस्कला घासतच राहत होता. पॅड बदलताना त्या काढून, साफ करून, त्यांचं खास ग्रीस लावायला हवं होतं. अर्ध्या तासाच्या कामात ते कुणी केलं नव्हतं. मग त्यांनी ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण उघडलं. आत कोऱ्या चहासारखं काळपट काहीतरी. “हे कधी बदललं?” मला आठवेना. मी बाबांची वही काढली. शेवटची नोंद होती २०१४ ची. ‘ब्रेक ऑइल बदलले.’ त्यानंतर वही कोरी. गाडी माझ्याकडे आल्यापासून एकही नोंद नाही.

आठ वर्षं.

ब्रेक ऑइल म्हणतो, पण ते तेल नाही. ते हवेतला ओलावा शोषून घेतं, आणि ओलावा शिरला की त्याचा उत्कलनबिंदू घसरतो. डॉट ३ दर्जाचं नवं द्रव किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा मुरल्यानंतर ही हमी १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५. ते उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते, आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. त्या दिवशी माझं पेडल घट्ट होतं, म्हणजे दगा पॅडनं दिला. पण ऑइलही रांगेत उभं होतं. आणखी चार वळणं तशीच घेतली असती तर कदाचित तोही अनुभव आला असता.

म्हणजे मी ‘ओरिजिनल की लोकल’ करत बसले होते, आणि सगळ्यात स्वस्त वस्तू आठ वर्षं विसरले होते. साधारण दर दोन वर्षांनी ते बदलायचं. झाकणावर जो दर्जा लिहिलाय तोच घ्यायचा, सीलबंद बाटलीतला. गॅरेजात उघडी पडलेली अर्धी बाटली नको, तिनं ओलावा आधीच ओढलेला असतो. आणि त्यात चुकूनही इंजिन ऑइल पडू द्यायचं नाही. सगळे रबरी सील फुगून जातात.

नवे पॅड बसवल्यावर त्यांना चाल लावावी लागते. मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० ते ६० वरून १० पर्यंत, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा हळू करायचं आणि मध्ये गार होऊ द्यायचं. पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोराचे ब्रेक टाळायचे. नवे पॅड टाकून थेट घाटात जाऊ नका. आणि चाक साफ करणारा पोरगा हवेच्या पाइपनं ब्रेकची धूळ उडवायला लागला तर त्याला थांबवा. जुन्या किंवा निनावी लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्यानं पुसायला सांगा. त्याच्या फुप्फुसांचाही हिशेब आहेच की.

आणि चालवण्याचं. ज्या गिअरमध्ये तो घाट चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा. हे बाबा मला शंभर वेळा सांगायचे. ब्रेक लागले नाहीत तर इंजिन बंद करायचं नाही, कारण ब्रेकला जोर देणारा बूस्टर इंजिनावर चालतो. पेडल खाली जात असेल तर भराभर पंप करा. घट्ट असूनही गाडी थांबत नसेल तर गिअर एकेक खाली आणा. हँडब्रेकची तार मागच्या चाकांना स्वतंत्रपणे जाते, तो हळूहळू ओढा, एकदम नाही.

बंगळूरला आल्यावर मी त्या पहिल्या गॅरेजात गेले होते. भांडायचं ठरवून गेले होते. तो म्हणाला, मला तरी कुठे माहीत होतं, बॉक्स तर बरोबर होता. तो खोटं बोलत असेल किंवा खरं. मला ठरवता आलं नाही, कारण माझ्या हातात कागदच नव्हता. त्याच्याकडून कुणाकडे जायचं, कुणाला जबाबदार धरायचं, काहीच धागा नव्हता. बिल म्हणजे फक्त पैशांची पावती नसते. काही बिघडलं तर मागे जायची वाट असते ती.

झेन अजून आहे. यंदा लेक तिच्यावरच गाडी शिकतेय. मी तिला क्लच-गिअरच्या आधी बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची डबी दाखवली आणि वही हातात दिली. बाबांच्या २०१४ च्या नोंदीखाली माझ्या अक्षरात २०२२ ची नोंद आहे: पॅड, होज, ऑइल, उत्पादकाचं नाव, बॅच, बिल नंबर. त्याखाली २०२४ ची. पुढची ती लिहील.

तुमच्या घरी अशी वही नसेल तर या रविवारी सुरू करा. पहिल्या ओळीत एवढंच लिहा: ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं? आठवत नसेल, तर ते बदलायची वेळ झालेली आहे.